आत्म्याचं लॉगिन

दसऱ्याच्या दुपारी आंधळगावच्या वाचनालयासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात टेबल, टेबलावर वाचनालयाचा कम्प्युटर, त्याला झेंडूचा हार आणि मागे भला मोठा पडदा. कीबोर्ड लाल फडक्यात बांधून बाजूला ठेवलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा यंत्रनाथ महाराजांचा हुकूम होता. आणि तरीही पडद्यावरच्या काळ्या खिडकीत अक्षरं उमटत होती!

"पाहा! बोट नाही, बटन नाही!" महाराज माइकवर गरजले. "देह जळते, डेटा जळत नाही! आत्मा म्हंजे वायफाय, भक्तहो! दिसत नाही, पण रेंज असते!"

लोकांनी हात जोडले. वा रे वा! घरबसल्या दुबईतल्या जावयाशी व्हिडिओवर बोलणारी ही माणसं, पण कम्प्युटरमध्ये दुरून कुणी शिरू शकतं, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये!

आत्मा होता भैय्यालालचा. हा वाचनालय सांभाळायचा. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन गेला. गेला महिनाभर त्याचा आत्मा एकच लिहीत होता: "मला लीलाबाईनं खाल्लं. ती चेटकीण आहे." लीलाबाई म्हणजे त्याचीच बायको. तेव्हापासून तिच्या हातचं पाणी कुणी घेईना, धान कापायला कुणी बोलावीना. ती दिसली की शेजारची चंद्रभागाबाई नातवंडं घरात ओढायची. लीलाबाईनं गाव सोडायचं की नाही, याचा निकाल आज आत्मा देणार होता.

गर्दीत लीलाबाईची मुलगी खुशबू उभी होती. ती साकोलीत कम्प्युटर शिकवायची. आत्मे टायपिंग करत नाहीत, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सकाळी आई रडत म्हणाली होती, "चाल बाई, तुह्याकडंच जाऊ साकोलीले." खुशबू म्हणाली होती, "जाऊ. पण ज्यानं तुले चेटकीण म्हणलं, त्याले आधी भर गावात उघडं पाडीन."

ती टेबलाजवळ गेली. "महाराज, बाबा दर दसऱ्याले या कीबोर्डची पूजा करत होते. आज पोरगी करन."

महाराज घुटमळले. पण नाही तरी कसं म्हणणार? समोर बसलेले सगळे सकाळीच विळे, करवती, ट्रॅक्टर पुजून आलेले. दसऱ्याला अवजाराची पूजा अडवली असती, तर मांडव उठला असता.

"करू द्या जी पोरीले!" चंद्रभागाबाई खालून ओरडली. महाराजांनी नाइलाजानं मान हलवली.

फडकं सुटलं. खुशबूनं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि त्याच हातांनी भराभर टायपिंग सुरू केलं.

"ए, काय करून राहिली?"

"आत्म्याचं नाव विचारून राहिली, महाराज."

तिनं माइक ओढून घेतला. "मंडळी, मशीनले विचारलं, की हू अ‍ॅम आय, मी कोण? थे म्हणते, वाचक. बाबानं वाचनालयात येणाऱ्यांसाठी उघडलेलं खातं हाय हे. या टेबलावरून वाचक आत शिरला. आता एकच शब्द विचारून राहिली, हू. म्हंजे आत आणखी कोण कोण हाय?"

पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिलीत वाचक. दुसरीत दुसऱ्या मशीनचा पत्ता, आजचीच वेळ आणि नाव: टेकचंद.

टेकचंद म्हणजे खुशबूचा सख्खा काका. बाबांनीच त्याला शेजारी बसवून टायपिंग शिकवलं, त्याच्या नावाचं खातं उघडून दिलं. बाबांचा पासवर्ड त्याला कधीच कळला नव्हता. म्हणून मेलेल्या भावाच्या नावानं बोलायला हा दिवटा स्वतःच्याच नावानं आत शिरला होता! कशासाठी, तेही उघड होतं. वहिनी गाव सोडून गेली की भावाचं तलावाखालचं धानाचं वावर त्याचं.

"आत्म्यानं भावाच्या नावाचा आधार घेतला!" महाराज सावरून घेत होते. पडद्यावर अक्षरं धावत होती: "लीलाबाईनं आजच्या आज गाव..."

खुशबूनं बाबांचा पासवर्ड टाकला. त्यात आईचं नाव होतं. या मशीनवर बाबांच्या खात्याचा हुकूम चालायचा. ते कुणालाही बाहेर काढू शकत होतं. तिनं टेकचंदला बाहेर काढलं. वाक्य अर्धंच राहिलं. महाराजांनी घंटा वाजवली, डोळे फिरवले, मंत्र म्हटले. आत्मा हूं की चूं करेना.

तेवढ्यात वाचनालयाच्या मागच्या खोलीचं दार उघडलं आणि लॅपटॉप घेऊन टेकचंद धावत आला. "महाराज, लाइन तुटली वो! मले कोणंतरी बाहेर..."

समोर अख्खं गाव. त्याच्या हातातल्या लॅपटॉपवर तेच अर्धं वाक्य.

"बेटा, घरची गोष्ट हाय," तो पुटपुटला. "घरात मिटवू."

"माह्या मायले चेटकीण म्हणलं तवा भोंगा लागत होता, काका. आताच काहून घर आठवलं? घ्या माइक. सांगा."

"मीच खोटं लिहिलं..."

"आयकू नाही आलं. मोठ्यानं!"

त्याला रडू फुटेपर्यंत तिनं ते वदवून घेतलं, आणि तिला जराही वाईट वाटलं नाही. महाराज जीपकडे सटकत होते. लोकांनी जीपला वेढा घातला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली दोघांविरुद्ध तक्रार झाली. "सोडून दे," असं सांगायला आलेल्या प्रत्येकाला खुशबूनं दारातूनच परत पाठवलं.

पण मांडव सोडण्यापूर्वी ती गावाला सुनावून गेली: "चूक काय दोघांचीच हाय? तुमच्यापैकी एकानं तरी विचाराचं होतं, की कोण लिहून राहिलं, कुठून लिहून राहिलं, कोणाच्या फायद्याचं लिहून राहिलं? मशीननं घडीभरात सांगतलं असतं. इचारलंच नाही कोणी. आता तरी हात जोडाच्या आधी इचारत जा."

संध्याकाळी चंद्रभागाबाई आपट्याची पानं घेऊन दारात आली. "सोनं घे वो, लीला."

लीलाबाईनं सोनं घेतलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, तिच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. चंद्रभागाबाईनं तांब्या रिकामा करेपर्यंत ती दारातून हलली नाही.