दोन्ही बाह्या उजव्या

नागीण बरी झाली, फोड वाळले, खपल्या पडल्या, आणि मास्तरांना वाटलं, सुटलो बुवा! कसलं सुटणं? डाव्या बरगडीखालची आग तशीच राहिली. अंगाला सदरा नुसता टेकला तरी जीव कासावीस व्हायचा. जन्मभर दुसऱ्यांचे कोट बेतलेला माणूस दुकानाच्या मागच्या खोलीत उघडा बसू लागला.

"साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी हे जायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं कातडीचं नाही, नसेचं आहे. त्यावरची ही गोळी हळूहळू वाढवू. मनाने बंद मात्र करू नका."

"पूर्ण बरं वाटेल ना?"

"निम्मं कमी झालं तरी पुष्कळ म्हणायचं, मास्तर."

गोळी वाढली तशी आग खरंच मवाळली. मास्तर सदरा घालून टेबलापाशी आले आणि बायकोच्या जिवात जीव आला. पण डोकं? सदा पेंगुळलेलं. एका दुपारी त्यांनी महागडं कापड घडी न घालता पसरलं, बाहीचा कागदी बेत न उलटताच दोनदा आखला आणि कात्री चालवली. मशीनवरच्या धाकट्या भावाने तुकडे जुळवून पाहिले.

"दादा, दोन्ही बाह्या उजव्या आहेत."

एरवी अशा चुकीवर मास्तरांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांनी कात्री खाली ठेवली. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. डॉक्टरीणबाईंचं बजावणं गेलं खड्ड्यात! डोकं लख्ख झालं, आग मात्र दुप्पट पेटली. माप देताना एका गिऱ्हाइकाचं कोपर बरगडीला लागलं, तशी मास्तरांनी किंचाळून त्याला असं ढकललं, की बिचारा आरशावर आदळला. तो परत फिरकला नाही.

मग दुसरी गोळी झाली. तिने तोंडाला कोरड पडली, आगीला ढिम्म फरक नाही.

"म्हणजे पुन्हा पहिलीच?" मास्तर चिडले. "सरळ सांगा ना, एक तर आग सोसा, नाहीतर काम सोडा!"

बाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी पहिलीच गोळी लिहून दिली.

इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मास्तरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि खुर्चीत बसून ते भावाला बेतणं शिकवू लागले.

"खांद्याला उतार किती देऊ, दादा?"

"आधी माणूस बघ. एक खांदा पडका असतोच. त्या बाजूला..."

"त्या बाजूला काय?"

मास्तरांची मान पेंगून छातीवर पडली होती. भाऊ खडू धरून थांबला. पुन्हा हाक मारायला वळला, तर दारातून वहिनी म्हणाली, "झोपू दे रे त्यांना. कितीतरी दिवसांनी कण्हत नाहीयेत."

"पण वहिनी, ते मला सांगत होते."

"यापुढे तुझं तूच शीक," ती म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.