जिभेवरचा मोजा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा शहरात, मर्टलबाईंच्या लॉजच्या ओसरीत टांगलेली. मित्रांनो, माझं तरुणपण मासेमारीच्या बोटीवर गेलं. बोट भंगारात गेली, तेव्हा मर्टलबाईंच्या वडिलांनी मला इथे आणलं. धुकं उतरलं की ते मला वाजवत आणि ओहोटीच्या वाळूत शिंपल्या खणणारी माणसं माझ्या आवाजाच्या रोखाने घरी येत. तेव्हा माझा मान होता. आता शनिवार-रविवारचे पाहुणे माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात, बस्स.

एका शुक्रवारी पोर्टलंडहून रसेल आणि आयरीन हे नवरा-बायको आले. संध्याकाळपासून वारा होता, मी आपली ठणठणत होते.

"अहो मर्टलबाई, आम्ही सुट्टीला आलोय की चर्चमध्ये?" आयरीन वैतागली.

"बांधते गं बाई! तुम्ही झोपला नाहीत तर मी काय विकू, वारा?"

त्यांनी माझ्या जिभेवर, म्हणजे आतल्या लोलकावर, आपल्या गेलेल्या नवऱ्याचा लोकरीचा मोजा चढवला आणि वर दोरीची घट्ट गाठ मारली.

सकाळी रसेल फावडं-बादली घेऊन निघाला. शिंपल्या खणणारा माणूस ओणवा चालतो, खाली शिंपली दडल्याची खूण असलेली वाळूतली बारीकशी खळी शोधत, ओसरत्या पाण्यामागे. धुक्याने कधी वेढलं ते त्याला कळलंच नाही. तेवढ्यात भरती सुरू झाली. इथे भरतीचं पाणी आधी किनाऱ्यालगतच्या खोलगट पट्ट्यात शिरतं, म्हणजे माणसाच्या पाठीमागे.

"रसेल! अरे रसेल!" आयरीन ओसरीतून ओरडत होती. लाटांपुढे तिचा आवाज पोचेना.

"घंटा वाजव, पोरी!" मर्टलबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

तिने दोर ओढला. मी हलले, पण नुसतं थप्प झालं. खाऱ्या दमट हवेने गाठ फुगून दगड झाली होती. आयरीनने नखं लावली, शेवटी दात लावले. मी कशासाठी जन्मले ते मला ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडात बोळा होता!

मर्टलबाई शिंपल्या उघडायची सुरी घेऊन धावत आल्या. दोरी कापली, मोजा ओढून काढला.

आयरीन वाजवत सुटली.

"थांबू नकोस. त्याला दिशा कळू दे!"

बराच वेळ नुसतं धुकं. मग त्यातून क्षीण आवाज आला, "अगं, वाजवत राहा!"

तो छातीपर्यंत भिजून, थरथरत वर आला. बादली समुद्रात गेली होती.

"शिंपल्या कुठायत?" म्हणत आयरीनने त्याला मिठी मारली आणि मग रडली.

रविवारी निघताना तिने तो मोजा मागून घेतला.

"तुम्ही पुन्हा बांधाल, बाई. मी घेऊनच जाते."

"ने की! दुसऱ्या पायाचा आहे माझ्याकडे." मर्टलबाई हसल्या. पण तो त्यांनी आजवर बाहेर काढलेला नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत केलं नाहीत तरी चालेल. वाऱ्याच्या रात्री माझा त्रास होतो, तेही कबूल. तेवढं कूस बदलून सोसा. फक्त माझी जीभ मोकळी राहू द्या.