धनुष्याची दोरी बनवणारी फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. माणसाच्या उंचीपेक्षा थोडी लांब. माझ्या दोन्ही टोकांना एकेक फिरती पट्टी बसवलेली आहे आणि प्रत्येक पट्टीवर दोन लोखंडी खुंट्या उभ्या आहेत. मला पाहून कुणी म्हणतं, ही इस्त्रीची फळी असेल. कुणाला मी शेवया वाळवायची वाटते. एका पाहुण्याने तर मला भिंतीला टेकवून खुंटीवर आपली टोपी टांगली होती. टांगू दे. मी धनुष्याची दोरी बनवायची फळी आहे. माझ्यावर बनलेल्या दोऱ्या ज्यांनी कात्रीने कापल्या, त्यांना मी पुरून उरले आहे. ती हकिकत ऐका.

त्याआधी मी एका पलंगाची बाजू होते. खरात कुटुंब नायगावची चाळ सोडून मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये राहायला आलं, तेव्हा पलंग जिन्याच्या वळणावर अडकला. वर जाईना, खाली येईना. मागे दुसऱ्या कुणाचं कपाट खोळंबलेलं. शेवटी सहादेव खरातांनी करवत आणली आणि पलंग जिन्यातच कापला. बाकीचे तुकडे वॉचमनने शेकोटीला नेले. मला मात्र त्यांच्या पत्नीने, वैजयंताबाईंनी, हातात घट्ट धरून ठेवलं.

"सागवान आहे," त्या म्हणाल्या. "हे नाही जाळायचं."

वैजयंताबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि सहादेव पोस्टात. त्यांची मुलगी तेजश्री अकरावीत होती. तिला तिरंदाजीचं भलतंच वेड. भाईंदरला मिठागरांच्या कडेला एक मोकळं मैदान होतं, तिथे एका क्रीडा मंडळाच्या मुली बांबूच्या धनुष्यांनी सराव करायच्या. तेजश्रीने तिथे नाव घातलं. तिचा नेम चांगला होता. पण धनुष्याची दोरी झिजते, तुटते, आणि नवी दोरी मंडळाकडूनच मिळायची. तेजश्रीची दोरी तुटली, तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "संपल्यात. बघू पुढे." पुढच्या रविवारी तेच, त्यापुढच्या रविवारीही तेच. इतर मुलींच्या धनुष्यांना मात्र नव्या कोऱ्या दोऱ्या लागत होत्या.

मग एके दिवशी वैजयंताबाई स्वतः मैदानावर सेक्रेटरींना भेटायला गेल्या. घरी परतल्या तेव्हा त्यांनी चप्पल न काढताच सहादेवना सांगितलं, "म्हणाला, बाई, तुम्हा लोकांना दुसरे खेळ आहेत की. कबड्डी खेळू दे तिला."

"तुम्हा लोकांना?" सहादेवनी विचारलं.

"हो. असंच म्हणाला. हसून म्हणाला."

तेजश्रीने धनुष्य कपाटामागे सारलं. ते पाहून वैजयंताबाईंनी ते पुन्हा बाहेर काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "धनुष्य मागे टाकायचं नाही. दोरी कशाची असते? दोऱ्याचीच ना? मग आपण बनवू."

"अगं आई, त्याला साचा लागतो. हातात धरून दोरे सारखे ताणले जात नाहीत."

"मग साचा बनवू."

अशी माझी पाळी आली. सहादेवनी मला गॅलरीतून आत आणलं, रंधा मारला. तेजश्रीने मंडळात लांबून पाहिलेला साचा आठवून कागदावर काढला. केबिन रोडच्या हार्डवेअरच्या दुकानात मायलेकी नटबोल्ट आणायला गेल्या, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "क्या बनाना है, भाभी?"

"धनुष्य की डोरी बनाने का साचा."

"अच्छा! रामलीला है क्या?"

"नहीं भैया," वैजयंताबाई म्हणाल्या, "महाभारत है."

माझ्यावर दोरी कशी होते ते सांगते. आधी दोन्ही पट्ट्या सरळ ठेवून टोकाच्या खुंट्यांभोवती दोऱ्याचे वेढे घालायचे, सगळे सारख्या ताणाचे. मग पट्ट्या आडव्या फिरवायच्या. प्रत्येक टोकाला दोन खुंट्यांच्या मधला दोरा मोकळा होतो. त्यावर दुसरा दोरा घट्ट गुंडाळला की धनुष्यात अडकवायचा फास तयार होतो. शेवटी पट्ट्या पुन्हा सरळ करायच्या, दोरीला मेण चोळायचं आणि जिथे बाण बसतो तिथे आणखी एक वेढण द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पहिली दोरी बनवायला त्या घराची कित्येक संध्याकाळची जेवणं थंड झाली.

आणि ती दोरी फसली. फसली म्हणजे पुरती फसली. माझ्या खुंट्या म्हणजे आटे पाडलेले बोल्ट होते. त्या आट्यांनी दोरा कुरतडला. सहादेवनी बोल्ट काढून गुळगुळीत सळीचे तुकडे बसवले. दुसरी दोरी नायलॉनची केली. ती तुटली नाही, पण धनुष्य ओढलं की रबरासारखी लांबायची आणि बाण लक्ष्याच्या अलीकडेच गवतात पडायचा. तेजश्री रडकुंडीला आली. "मैदानावर सगळे हसतात, आई. म्हणतात, खरातांचा बाण दमून बसला."

"हसू देत. उद्या तू थांबलीस तर जास्त हसतील."

जवळच्या राई गावाहून एक मावशी बोई मासे आणि कोलंबी विकायला इमारतीत यायच्या. त्यांचं नाव शेवंती. एकदा दार उघडं होतं आणि मी हॉलमध्ये आडवी पडलेली, अंगावर नायलॉनचे वेढे. शेवंतीमावशींनी पाटी खाली ठेवली, वाकून दोरा नखाने ओढून पाहिला.

"ह्यो तर जाल्याचा नायलॉन हाय. ह्याचा काय करताव?"

वैजयंताबाईंनी सांगितलं. शेवंतीमावशी हसल्या. "अगो बाय, नायलॉन ताणतो. माशाला चालतो, धनुष्याला न्हाय चालायचा. आमची म्हातारी सणाचा सूत कातत व्हती, जाल्यांसाठी. त्यो ताणत न्हाय न तुटत पन न्हाय. घरान पडलाय. आता कोन जाली विनतोय त्याची? आनून देतू."

दुसऱ्या दिवशी कोलंबीच्या पाटीखालून तागासारख्या पिवळट सणाच्या सुताची गुंडी निघाली. तिला मासळीचा वास येत होता. तिची पहिली दोरी माझ्यावर झाली तेव्हा तेजश्रीने ती बोटाने छेडली. मित्रांनो, ती वाजली! माझ्या सगळ्या अंगातून तो आवाज गेला. पलंगाची बाजू होते तेव्हा माझ्यातून नुसती करकर निघायची.

त्या दोरीवर तेजश्रीचे बाण लक्ष्याच्या मध्याकडे सरकू लागले. जिल्ह्याच्या निवड चाचणीला ती तीच दोरी लावून गेली. मी घरी होते, पण परतल्यावर जे बोलणं झालं ते ऐकलं. सेक्रेटरींनी सगळ्यांची धनुष्यं तपासली. तेजश्रीचं धनुष्य हातात घेऊन ते म्हणाले, "ही मंडळाची दोरी नाही. घरगुती काहीबाही चालणार नाही." आणि खिशातून कात्री काढून त्यांनी दोरी सगळ्यांसमोर कापली. तिच्याकडे दुसरी दोरी नव्हती. ती बाण न सोडता घरी आली.

सहादेव म्हणाले, "पुरे झालं आता. पोरीला किती अपमान सोसायला लावायचा?"

मला वाटलं, आता आपली रवानगी परत गॅलरीत. पण तेजश्री माझ्याजवळ येऊन बसली. कापली गेलेली दोरी तिने खिशातून काढून जमिनीवर टाकली आणि गुंडीचं टोक माझ्या खुंटीला बांधलं. "पप्पा, त्यांनी दोरी कापली. मला नाही कापलं."

त्या वर्षी माझ्या अंगाला उसंत नव्हती. दोरी न मिळालेली तेजश्री एकटी नव्हती. नीलम नावाची एक उंच मुलगी आली. तिचे वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. मग तिच्या ओळखीच्या आणखी मुली आल्या. रविवारी बेव्हर्ली पार्कच्या त्या छोट्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. कुणी वेढे घालायची, कुणी मेण चोळायची. सणाचं सूत संपलं की शेवंतीमावशी राईतल्या आणखी कुणाच्या माळ्यावरून जुनं सूत शोधून आणायच्या. सहादेव सुरुवातीला पेपर तोंडासमोर धरून बसायचे. मग एका रविवारी पेपर खाली ठेवून म्हणाले, "अगं, त्या टोकाचा नट सैल झालाय, दिसत नाही का कुणाला?" त्यानंतर माझे नट त्यांच्याकडे.

पुढच्या चाचणीला सहादेवनी मला खांद्यावर घेऊन मैदानावर नेलं. तंबूच्या सावलीत मला आडवं ठेवलं आणि शेजारी वैजयंताबाई मांडी घालून बसल्या.

सेक्रेटरी आले. "हे काय मांडलंय इथे?"

"आमचं काम," वैजयंताबाई म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

सेक्रेटरींनी तेजश्रीचं धनुष्य मागून घेतलं आणि दोरी कापली. वैजयंताबाईंनी पिशवीतून दुसरी दोरी काढून दिली. तेजश्रीने धनुष्य वाकवून ती चढवली. त्यांनी तीही कापली. तिसरी चढली. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला. "हा काय पोरखेळ आहे?"

"साहेब, कात्री तुमच्याकडे एकच आहे," वैजयंताबाई माझ्यावर वेढे घालत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "दोऱ्या आमच्याकडे पिशवीभर आहेत. आणि संपल्या तर ही फळी इथेच आहे."

नीलम पुढे आली आणि तिने आपलं धनुष्य समोर धरलं. "आता माझी कापा." तिच्या मागे दुसरी मुलगी उभी राहिली, तिच्या मागे तिसरी. सगळ्यांची धनुष्यं पुढे, सगळ्यांच्या दोऱ्या सणाच्या.

"कोणत्या नियमात लिहिलंय, दोरी तुमचीच हवी?" तेजश्रीने विचारलं.

मुलींनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या वळल्या आणि जाऊन रेषेवर उभ्या राहिल्या. सेक्रेटरी कात्री घेऊन तिथेच उभे. पलीकडे शिट्टी वाजवणारे गृहस्थ एकदा त्यांच्याकडे बघत होते, एकदा मुलींकडे. ऊन चढत होतं. शेवटी त्यांनी खांदे उडवले आणि शिट्टी तोंडात धरली.

बाण सुटले. सगळ्या दोऱ्या एकदम वाजल्या. आणि त्या सगळ्या माझ्या होत्या!

मी खोटं सांगणार नाही. तेजश्रीची निवड झाली नाही. तिचे दोन बाण वाऱ्याने बाहेर गेले. नीलमची झाली. त्याच संध्याकाळी तेजश्री नीलमसाठी राज्य स्पर्धेची दोरी बनवायला बसली. मी तिच्या हातांखाली होते, म्हणून मला ठाऊक आहे. एकही वेढा तिने सैल सोडला नाही.

पुढे दिवस बदलले. दुकानात तयार दोऱ्या सहज मिळू लागल्या. तेजश्री शिक्षिका होऊन पालघरकडच्या एका आश्रमशाळेत गेली. मी गॅलरीत आले. माझ्यावर मनीप्लान्टच्या कुंड्या बसल्या, पाणी झिरपून एका टोकाला तडा गेला. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण मी कुजले नाही. सागवान आहे मी.

मग एकदा त्याच मंडळाचे एक नवे पदाधिकारी पेढे घेऊन घरी आले. माणूस भला होता. म्हणाला, "बाई, आमचं प्रदर्शन आहे. ती फळी द्या. काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुमचं नाव लिहू. कुणी हात लावणार नाही."

वैजयंताबाईंचे केस तोवर पांढरे झाले होते. त्यांनी कुंड्या उतरवल्या, पदराने माझ्यावरची माती पुसली, तड्यावरून बोट फिरवलं.

"कुणी हात लावणार नाही?" त्यांनी विचारलं. "मग नको. पेढे मात्र ठेवून जा."

त्या आठवड्यात सहादेवनी माझ्या तड्यावर लोखंडी पट्टी ठोकली आणि एसटीच्या टपावर बांधून मला तेजश्रीच्या शाळेत पोचवलं. आता मी तिथल्या व्हरांड्यात असते. वारली मुली माझ्यावर दोऱ्या वळतात, भांडतात, वेढे चुकवतात, पुन्हा घालतात. माझ्या खुंट्या हातांनी चकचकीत झाल्या आहेत.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंची काळजी घ्यायची, तर आम्हाला जपून ठेवू नका. वापरा. नट सैल झाला तर पिळा, तडा गेला तर पट्टी ठोका. आणि कुणी हसून म्हणालं की हे तुम्हा लोकांचं काम नाही, तर त्याच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. घरात एखादी फळी पडली आहे का, बघा.