कच्चा हाय अजून

सुग्रीवतात्यांना या वर्गातून काय मिळणार होतं, ते आधी पाहू. पगार? युनियनचं काम, म्हणजे बिनपगारी. मान? तो अध्यक्ष सुंदररावांचा. त्यांनी वर्गाचं उद्घाटन दोनदा केलं, कारण पहिल्या खेपेला फोटोत त्यांचे डोळे मिटले होते. बढती? साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये तात्यांच्या वर आता फक्त चिमणी होती. राहता राहिला एक फायदा : संध्याकाळी समोर बसायला माणसं मिळणार होती.

बायको गेल्यापासून तात्या क्वार्टरवर उशिरा जायची निमित्तं शोधत. मुलगा चाकणला. रविवारी फोन करी आणि दर वाक्यामागे "बाकी काय?" विचारी. म्हणून रोजंदारीच्या पोरांना बॉयलर अटेंडंटच्या सरकारी परीक्षेसाठी कोण शिकवणार, असा विषय युनियनच्या सभेत निघाला, तेव्हा बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत तात्यांचा हात वर होता. सभेनं त्यांना शिक्षण प्रतिनिधी केलं आणि निःस्वार्थ म्हटलं. सभेला काय, टाळ्या फुकट असतात.

तिघं आले. आदिनाथ आणि उत्तरेश्वर जांभया देत शिकले. हनुमान डोळे उघडे ठेवून शिकला.

"बॉयलरच्या काचेत पानी दिसंना झालं तर काय करशील बे?" तात्या विचारत.

"पंप चालू करीन," आदिनाथ म्हणे.

"मंग तुज्या घरी सांगाया मलाच जावं लागंल."

"आधी आग मारायची, तात्या," हनुमान म्हणे. "तापल्या नळ्यांवर गार पानी सोडायचं न्हाई, बॉयलर फुटतो."

वर्ग सुटला की ते दोघं पळत. हनुमान खोली झाडी, कुलूप लावी आणि क्वार्टरपर्यंत सोबत चाले. तात्या हळू चालत, गुडघे दुखतात म्हणत. गुडघे ठणठणीत होते. मग ओट्यावर चहा, चहाबरोबर मुरमुरे, आणि मुरमुरे संपत आले की तात्यांना बॉयलरमधला एखादा बारकावा आठवे.

एकदा हनुमानची बायको वर्षाराणी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा कारखान्यात, म्हणून ती दर हंगामाला भावाच्या टोळीबरोबर एकटीच ऊस तोडायला जाई. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात : तो तोडतो, ती मोळ्या बांधून वाहते. एकटी बाई म्हणजे अर्धा.

"तात्या, औंदा ह्यांचं व्हईल ना? पर्मनंट झाले तर माजं जायाचं टळंल."

"व्हईल की गं. लई हुशार हाय तो."

हुशार होता, हीच तात्यांची अडचण. परीक्षेला नावं धाडायची वेळ आली. कोण तयार, कोण नाही, हे युनियन तात्यांच्या शब्दावर ठरवी. हनुमान पास झाला की त्याला पाळीची नोकरी लागणार, आणि पाळ्या सुरू झाल्या की ओट्यावरचा चहा बंद. बाकीच्या दोघांचा प्रश्न नव्हता. ते ओट्यावर कधी चढलेच नव्हते.

"हनुमानचं नाव कावून न्हाई?" सुंदररावांनी विचारलं.

"कच्चा हाय अजून. पुढल्या साली बगू."

"आदिनाथ पिकला अन् हनुमान कच्चा? तात्या, तुमची आढी उलटी लागली का काय?" सुंदरराव हसले आणि सही करून मोकळे झाले.

हनुमान भांडला असता तर तात्यांना सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "तुमी म्हनता म्हंजी आसंल," आणि झाडू उचलला.

ते दोघं पास झाले. दोन जागा होत्या, दोन्ही भरल्या. दसऱ्याच्या सुमारास पूजा करून बॉयलर पेटवला, तेव्हा दोघांच्या कपाळावर गुलाल होता. हनुमान नव्हता. भावाच्या टोळीनं वर्षाराणीला सांगितलं होतं, यंदा जोडी असेल तरच ये. आणि हनुमानकडे आता थांबायला कारण उरलं नव्हतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"तात्या, मांजरसुंब्याला ट्रक थांबलाय. चाललो सांगलीकडं. तुमचं पुस्तक संगं घेतलंय. कुटं कच्चं राहिलं तेवढं सांगा, फडात तेवढंच वाचीन."

पलीकडे ढाब्यावरचा गलका होता. त्यात वर्षाराणी कुणाला तरी पाण्याची बाटली मागत होती.

"तात्या? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"कोनतं प्रकरन?"

तात्यांनी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. "समदंच वाच," ते म्हणाले.

"बरं. जेवा येळेवर."



आता या वर्गाची किंमत कुणी किती भरली, ते पाहू. सुंदररावांनी काहीच नाही. दोन पोरं पास केली म्हणून त्यांचा सत्कार झाला. तात्या अजून रोज संध्याकाळी खोली उघडून बसतात. कुणी येत नाही. पण ते आधीही एकटे होते, त्यामुळे त्यांचं फारसं गेलं, असं म्हणता येणार नाही. हनुमानची जागा गेली आणि पुढचं साल कुणी पाहिलंय. उरली वर्षाराणी. तिनं ना वर्गात बसून काही घेतलं, ना ओट्यावरचा चहा प्यायली. आजवर ती अर्ध्या कोयत्याच्या मोळ्या डोक्यावर वाहत होती, यंदा पूर्ण कोयत्याच्या वाहते.