बेचाळीस फॉर्मांतली एक चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. खिडकीची नव्हे आणि तसबिरीचीही नव्हे. संगणकावर फॉर्म भरताना ‘जन्मतारीख’ या शब्दाखाली दिवस, महिना आणि वर्ष अशी तीन लहान घरं दिसतात ना, ती मी.

माझा जन्म एका मोठ्या इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर झाला. तिथे संगणक विभागाची एक लांबट खोली होती. मला घडवणाऱ्या प्रोग्रामरला सगळे ताई म्हणत. त्या काळी इस्पितळाच्या वेबसाइटवर बेचाळीस फॉर्म होते आणि प्रत्येकाची तारीख मागण्याची तऱ्हा निराळी. कुठे आधी महिना, कुठे मध्ये टिंब, कुठे तिरकी रेघ. एक चूक सापडली की ती बेचाळीस ठिकाणी हुडकत फिरायचं. शेवटी ताई वैतागून म्हणाल्या, “अशी ठिगळं लावत बसले तर इथेच म्हातारी होईन मी. एकच चौकट धड बनवू आणि सगळीकडे तीच बसवू.”

पण त्या लगेच बनवायला बसल्या नाहीत. तीन दिवस तळमजल्यावर नोंदणीच्या खिडकीपाशी वही घेऊन उभ्या राहिल्या. तारीख सांगताना लोक नेमके कुठे अडतात ते त्यांनी टिपून घेतलं. कुणी १२ लिही, कुणी 12. कुणी सालाचे दोनच आकडे टाकून मोकळं होई. एक आजोबा तर म्हणाले, “तारखेचं काही खरं नाही, पण वार मंगळवार होता एवढं नक्की!” ताईंनी तेही लिहून घेतलं.

मी तयार झाले तेव्हा त्यांनी मला साहेबांना दाखवलं नाही. आधी गेल्या तळमजल्यावर, ऑपरेटरकाकांकडे. काका इस्पितळाचे फोन सांभाळत. त्यांना दिसत नसे. पडद्यावरचा मजकूर संगणक त्यांना वाचून दाखवी आणि त्या आवाजाच्या भरवशावर त्यांचं काम चोख चाले. त्यांनी मला कान देऊन ऐकलं आणि हसायलाच लागले.

“बाई, ही नुसतं ‘लिहा, लिहा’ म्हणतेय. काय लिहू? माझं नाव की हिचं?”

ताई खजील झाल्या. ‘जन्मतारीख’ हा शब्द माझ्या डोक्यावर दिसत होता खरा, पण तो मला आतून जोडलेलाच नव्हता. त्यानंतर त्या पाच वेळा वर-खाली गेल्या. सहाव्या खेपेला काकांनी मुद्दाम तेरावा महिना टाकून पाहिला. मी सांगितलं, ‘महिना १ ते १२ पैकी हवा.’ काकांनी ते वाक्य पुन्हा एकदा ऐकलं. मग म्हणाले, “हं. आता चुकायची भीती नाही वाटत.”

मित्रांनो, एवढं मोठं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

पुढची सहा वर्षं मी बेचाळीस फॉर्मांत एकाच वेळी राबले. ताईंनी माझ्यात एक सुधारणा केली की ती क्षणात बेचाळीस ठिकाणी पोचे. मला त्याचा अभिमान वाटे. मग ताईंना दुसरं काम मिळालं. जाताना माझ्या कोडच्या माथ्यावर त्यांनी चार शब्द लिहून ठेवले: ‘काही बदलण्यापूर्वी ऑपरेटरकाकांना दाखवा.’

त्यांच्या जागी एक डिझायनर आले. त्यांच्या टेबलावर पेनंसुद्धा उंचीप्रमाणे लावलेली असत, म्हणून सगळे त्यांना टापटीप म्हणत. माणूस कसबी होता, पण मी त्यांना गबाळी वाटले. त्यांनी एक गुळगुळीत, देखणी चौकट केली. वर्ष टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. बैठकीत सगळ्यांनी वाहवा केली आणि मी ‘जुने’ नावाच्या फोल्डरात जाऊन पडले. माझ्या माथ्यावरचे चार शब्द कुणी वाचलेच नाहीत.

तिसऱ्याच दिवशी सकाळी काकांचा फोन खणखणला. एका आजींची नात रडकुंडीला येऊन बोलत होती. बाहेरगावच्या डॉक्टरीणबाई डोळ्यांची ऑपरेशनं करायला येणार होत्या आणि नोंदणी दुपारी बारापर्यंतच होती. आजींचं वय चौऱ्याण्णव. यादी मात्र नव्वद वर्षं मागे जाऊन संपत होती.

“काका, चार वर्षांनी लहान करून टाकू का तिला?”

“अगं, नको! कागदपत्रांशी मेळ बसला नाही तर ऑपरेशनच्या दारातून परत पाठवतील. थांब जरा.”

काकांनी स्वतः फॉर्म उघडून पाहिला. संगणक त्यांना एवढंच सांगत राहिला: ‘बटण, बटण, बटण.’ त्यांनी तडक ताईंना फोन लावला.

ताई आल्या तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. टापटीप पांढरेफटक पडले होते. “ताई, माझ्या लक्षातच आलं नाही. लगेच जुनी चौकट परत टाकतो.”

“टाकू. पण आधी तपासू,” ताई म्हणाल्या. “घाईने एकदा झालंय, दुसऱ्यांदा नको.”

त्या टापटीपांवर डाफरल्या नाहीत. शेजारी खुर्ची ओढून बसल्या. दोघांनी मिळून मला पहिल्यापासून तपासलं: जुनं साल, तेरावा महिना, एकोणतीस फेब्रुवारी, आणि काकांचा वाचणारा आवाजही. साडेअकराला टापटीपांनी एक ओळ बदलली आणि मी बेचाळीसही फॉर्मांत माझ्या जागेवर उभी राहिले. अकरा शेहेचाळीसला आजींचं साल माझ्या तिसऱ्या घरात उमटलं.

काकांनी वर कळवलं, “नोंद झाली. आजी मागून ओरडतायत, ‘मी आहे ना गं अजून यादीत?’”

ताई मोठ्याने हसल्या. टापटीपांना मात्र हसू येईना, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमची अक्षरं माझ्यापेक्षा ठळक आहेत, लांबून वाचता येतात. ती या चौकटीला द्या की.” म्हणून आज मी जुनी असले तरी माझ्या अंगावर नवे कपडे आहेत.

मित्रांनो, एक गोष्ट जी अनेक ठिकाणी लागते, तिची काळजी एकाच ठिकाणी घ्यावी लागते, पण ती मनापासून घ्यावी लागते. माझ्यासारखी वस्तू तुम्ही घडवाल तेव्हा ती नुसती बघणाऱ्यांना दाखवू नका, वापरणाऱ्यांच्या हाती द्या.

परवा टापटीपांनी फोन नंबरासाठी नवी चौकट केली. साहेब बैठकीत वाट पाहत होते, आणि टापटीप तळमजल्यावर काकांसमोर उभे.

“कशी वाटते, काका?”

“चांगली आहे,” काका म्हणाले. “पण तीन चुका सापडल्यात. खुर्ची घ्या.”