विहिरीतले एक्केचाळीस गुण

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर माझी विहीर आहे. तिचं पाणी लेण्यांच्या पोटातून येतं असं आमच्याकडे सगळे मानतात. भर मे महिन्यात त्यात हात घातला की मनगटापर्यंत थंडीचे दिवस येतात. या विहिरीतले बेडूक इतर बेडकांपेक्षा घाईत ओरडतात. पाहुणे कारण विचारतात, आणि मग मला एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात जावं लागतं.

त्या वर्षी आमच्या गजाने कर्जतच्या बाजारात कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं दुकान टाकलं. गजा वायरमन. साजगावच्या एका कारखान्याने मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्याने उचलून आणला होता. त्याआधी आमच्याकडे पत्रिका कोण बघायचं? पोरीची आत्या आणि पोराचा मामा एका बांधावर टेकले की लग्न ठरायचं. पण यंत्र आलं आणि सगळ्यांना एकाएकी ग्रह हवेसे झाले. जन्मवेळा मात्र कुणाकडे नव्हत्या. मोतीबाईने आपल्या जनीची वेळ सांगितली ती अशी, की म्हशी परतल्या होत्या पण बांधल्या नव्हत्या. गजाने जरा विचार केला आणि सहा वाजून दहा मिनिटं घातली.

ही मोतीबाई माझी शेजारीण. बाजारात पायलीने तांदूळ विकायची. पायली काठोकाठ भरली की वर हाताने शीग चढवायची, दाणे घरंगळून फडक्यावर पडेपर्यंत. सपाट माप तिने जन्मात कुणाच्या पिशवीत घातलं नाही. तेवीस वर्षांची जनी साजगावला कामाला जायची आणि तिथलाच फिटर हिरू तिच्या मनात भरला होता. मोतीबाई नको म्हणत नव्हती, होही म्हणत नव्हती. यंत्र सांगेल तसं, म्हणाली. छत्तीस गुणांतले अठरा जुळले तर हिरू. नाही जुळले तर लोधिवलीचा मुलगा, आणि त्याचे काका रविवारी संध्याकाळी सुपारी फोडायलाच येणार होते. जनी रडली-भेकली नाही. माझ्या विहिरीच्या कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहिली. तिला घाई आहे, एवढंच मला तेव्हा कळलं.

अडचण यंत्राची होती. एक जोडी जुळवायला त्याला डाळ शिजण्याइतका वेळ लागायचा, आणि कर्जतची वीज तेवढा वेळ कुठली टिकायला. हिरू-जनीचे ग्रह दोन वेळा अर्ध्यावर विझले. मग गजाने यंत्राचं पोट उघडलं. आत एक नखाएवढा स्फटिक असतो. भजन जसं टाळाच्या ठोक्यावर चालतं तसं सगळं यंत्र त्याच्या ठोक्यावर चालतं. गजाने तो उपटला आणि त्या जागी एका जुन्या रेडिओचा काटा जोडला, गावांची नावं लिहिलेल्या काचेसकट. काटा मुंबईवर असला की यंत्र नेहमीच्या चालीने चालायचं. दिल्लीवर दुडक्या चालीने, कोलंबोवर चौखूर. त्याच्याही पुढे काबूलकडे सरकवला की पडदा जागच्या जागी थिजायचा.

दर वेळी गजा त्याला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावी. पाढा चुकला की काटा मागे. मग आतला स्क्रू पिळून व्होल्टेज चढवी आणि काटा पुन्हा पुढे. पण वेग वाढला की व्होल्टेज जास्त लागे, व्होल्टेज वाढलं की यंत्र तापे, आणि तापलं की पाढा पुन्हा चुके. त्यात दुपारी शेतांवरचे पंप सुरू झाले की दुकानातली वीज समईच्या वातीएवढी व्हायची. गजाने ओलं गोणपाट घालून पाहिलं, रसवाल्याकडचा बर्फ ठेवून पाहिला. यंत्राने दिल्लीवरच एकोणतीस सक पावणेदोनशे सांगितले. एकच जास्त, पण तेवढ्यात एखादा ग्रह घर बदलतो, असं गजा म्हणाला.

रविवारी दुपारी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. काका, म्हणाला, याला दोनच गोष्टी हव्यात, गारवा आणि पोटभर वीज. मी विहिरीकडे बोट केलं. विजेचा डीपी तिच्या कडेलाच आहे, तिथला दिवा सगळ्या गावापेक्षा पांढरा जळतो.

विहिरीला आत पायऱ्या आहेत आणि पाण्याच्या हातभर वर एक दगडी ओटा. यंत्र, पडदा, छपाईचं खोकं, सगळं हिरूने डोक्यावरून उतरवलं. वायर खांद्यावर धरून तो पायरीवर उभा राहिला. गजा ओट्यावर मांडी घालून बसला. मोतीबाई वर कठड्यावर, पान चघळत. छपाईच्या कागदाचं टोक गजाने रहाटावरून वर दिलं आणि ते जनीच्या हातात आलं, पोहऱ्याच्या दोरीसारखं.

यंत्र सुरू झालं आणि विहीर आतून हिरवी झाली. अक्षरं पडद्यावर उठायची आणि पाण्यावर उलटी पडायची. मासे ती टिपायला वर आले, एकाने तर शुक्र अर्धा गिळला. मधमाश्यांसारखी एक गुणगुण दगडांतून चढत माझ्या तळपायात आली. उन्हाची तिरीप खाली जाता जाता मध्येच थांबल्यासारखी वाटत होती. मला झोप आली नव्हती, पण जागं असल्याचीही खात्री नव्हती. गजाने काटा दिल्लीवर नेला, कोलंबोवर नेला. पाढा चोख. हे यंत्र इतकं निरोगी कधीच नव्हतं.

आणि पडद्यावर दोन काठ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. अकरा.

गजाने काटा मुंबईवर आणून सगळं पुन्हा चालवलं. अकरा. कोलंबोवर अकरा. छपाईचं बटण मात्र तो दाबेना. मोतीबाई लोधिवलीची माणसं दिसतात का म्हणून वाटेकडे बघत होती. हिरूने वायर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

जनी विहिरीत वाकली. आवाज न चढवता म्हणाली, "गजादादा, काटा काबूलला ने."

"पाढा चुकंल गं."

"चुकू दे."

गजाने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. मग त्याने स्क्रू पिळला आणि काटा काबूलवर ठेवला.

गुणगुणीची शीळ झाली. पाण्याच्या अंगावर बारीक शहारा आला. बेडूक आधी एकदम गप्प झाले आणि मग सगळे मिळून त्या चालीवर ओरडायला लागले, ती चाल त्यांनी अजून सोडलेली नाही. पडदा थिजायच्या अगदी आत गजाने बटण दाबलं. कागद रहाटावरून वर यायला लागला आणि जनी तो हातावर हात टाकत ओढत राहिली, भरलेला पोहरा ओढावा तसा. मोतीबाईला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. तिने कागद उन्हात धरला. छत्तीसांत एक्केचाळीस.

तेवढ्यात लोधिवलीचे काका पोचले. चष्मेवाला, शिकलेला माणूस. कागद वाचून ते हसले आणि मोतीबाईला नीट समजावू लागले, की गुण असतातच छत्तीस, मग एक्केचाळीस येतील कुठून, यंत्र बिघडलंय.

मोतीबाईने पान गालात सरकवलं. "पावणं, पायलीत किती मावतं ते मला नका शिकवू. ही वरची शीग हाय."

काकांनी मग आपल्या पुतण्याची पत्रिका पुढे केली. गजाने काटा इमानदारीत मुंबईवर नेला. एकोणतीस गुण आले, आणि तेही कुठल्या गावात वाईट म्हणणार नाहीत. मोतीबाईने तो आकडा बराच वेळ न्याहाळला.

"भरलं हाय," ती म्हणाली, "पन सपाट हाय."

काकांना चहा पाजून आम्ही वाटेपर्यंत सोडून आलो.

त्याच महिन्यात हिरू-जनीचं लग्न झालं. भातकापणीला बाळ आलं. बायकांनी पदराआड बोटं मोजली, पुन्हा मोजली. मी त्यांना सांगितलं, पोरगी त्या विहिरीचं पाणी प्यायलेली आहे, तिथं सगळंच जरा वेगात होतं. बऱ्याच जणींना पटलं.

मोतीबाईने मात्र माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नातवाला दोन्ही हातांवर तोलून धरलं, गाल बघितले, मांड्या बघितल्या.

"घाईत भरलं," म्हणाली, "पन शिगोशीग भरलं."