एर्सिलिया आत्याचं अर्धं वाक्य

एर्सिलिया आत्या टीव्हीवर दिसणार म्हणून त्या रविवारी आम्ही सगळे तिच्या घरी जमलो होतो. तिने मक्याच्या रव्याचा पोलेंटा शिजवला होता, त्यावर सशाचा रस्सा. खुर्च्या पुरेनात म्हणून मी शेजारून आणल्या. देश घडवणाऱ्या माणसांवरची मालिका होती, दर रविवारी एक माणूस. त्या दिवशी आमच्याच नॉर्थ केल्सीचे सिनेटर लॅथम होते. व्हरमाँटमधल्या आमच्या या गावातल्या ग्रॅनाइटच्या खाणी आणि दगड घडवायच्या शेड एकेकाळी त्यांच्या मालकीच्या होत्या.

आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, त्याच शेडमध्ये दगड कोरायचे. इटलीहून आले तेव्हा धडधाकट होते. मग हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं आली. हिवाळाभर शेडची दारं बंद, आणि दगडाची पूड फुप्फुसांत साचत गेली. पूड खेचून घेणारे पंखे बसवा, असं कामगार विनवत राहिले. लॅथम दर वर्षी म्हणायचे, यंदा परवडत नाही. आजोबा चाळिशीच्या आतच गेले, लॅथमनी बांधलेल्या इस्पितळात. आत्या तेव्हा शाळकरी पोर होती.

हे सगळं तिने मेरिडिथ होल्कम नावाच्या दिग्दर्शिकेला सांगितलं होतं. मेरिडिथ अख्खी दुपार आत्याच्या स्वयंपाकघरात बसली होती. ऐकताना डोळे पुसत होती. केक दोनदा मागून खाल्ला तिने.

फिल्ममध्ये आधी घोड्यावरचे लॅथम दिसले, मग भाषण करणारे लॅथम, आणि मग आत्या. निळ्या स्वेटरमध्ये, हात मांडीवर ठेवून बसलेली.

"सिनेटरसाहेबांनी आम्हाला इस्पितळ बांधून दिलं," टीव्हीतली आत्या म्हणाली.

व्हायोलिन वाजलं. बर्फातलं इस्पितळ दिसलं. पुढच्या क्षणी लॅथम वॉशिंग्टनला पोचलेसुद्धा.

आत्या हातातला डाव तसाच धरून उभी. "पुढचं कुठंय?"

"पुढचं काय?" मी विचारलं.

"अगं, मी पुढे म्हणाले होते ना! 'इस्पितळ बांधून दिलं, कारण त्यांच्या पुडीने मरणारी माणसं घराघरांत मावेनाशी झाली होती.' एका दमात म्हणाले होते, रेनाता. मध्ये श्वाससुद्धा घेतला नव्हता!"

फिल्म संपेपर्यंत आम्ही वाट पाहिली. ते पुढचं काही आलं नाही. रस्सा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी तिने मेरिडिथला फोन लावला. मी शेजारीच होते.

"तुम्ही फार गोड दिसलात हो," मेरिडिथ म्हणाली. "लोक अगदी भारावून गेलेत."

"माझं वाक्य कापलंत तुम्ही."

"वेळेचं बंधन असतं आम्हाला. पण शब्द तुमचेच आहेत. एकही बदललेला नाही."

"बाई, माझा हात तोडून दुसऱ्याच्या अंगाला लावलात, आणि वर म्हणता हात तुमचाच आहे?"

पलीकडून काहीतरी कायद्याचं, आत्याने सही केलेल्या कागदाचं बोलणं सुरू झालं. आत्याने फोन आपटला. नंतर दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

गावात कौतुक सुरू झालं, ते आणखी वाईट. बेकरीतली बाई म्हणाली, "किती मोठं मन तुमचं." पण खरा घाव घातला आल्दो पेद्रोनीने. आल्दो म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा जुना जोडीदार, स्वतः दगड कोरणारा. त्याचे दोन भाऊ त्याच पुडीने गेले होते. पोस्टात सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काय सिनेटरबाई, इस्पितळात तुझ्या नावाची खाट राखून ठेवलीय वाटतं?" आणि पाठ फिरवून निघून गेला. आत्याने हाका मारल्या, तो थांबला नाही.

मार्चमध्ये गावसभा भरली. नव्या शाळेला लॅथमचं नाव द्यावं, असा ठराव होता. ठराव मांडणाऱ्याने चाकांच्या गाडीवरून टीव्ही ढकलत आणला. "आपल्याच गावच्या लेकीच्या भावना ऐका," म्हणाला, आणि तो निळा स्वेटर पुन्हा दिसला.

आत्या उठली.

"एर्सिलिया, प्रश्न नंतर घेऊ," सभापती म्हणाले.

"प्रश्न नाहीये. माझं बोलणं अर्धं तोडलंय, ते पुरं करायचंय." "शेवटी बाबांना आडवं होता येत नव्हतं. जीव गुदमरायचा. इस्पितळातल्या त्या लांब खोलीत सगळेच बाप्ये खुर्चीत बसून झोपायचे. ती खोली का नाही दाखवली? पडदे छान होते तिथले. पंख्यांना पैसे नव्हते, पडद्यांना होते!"

मागून कुणीतरी म्हणालं, "गाडलेली मढी कशाला उकरायची?"

"मी उकरली? कॅमेरा घेऊन माझ्या दारात कोण आलं होतं? त्या माणसाला हवं तर घोड्यावर बसवा. माझ्या तोंडून त्याची आरती नका गाऊ!"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मतदानाला हात वर झाले तेव्हा लॅथमच्या बाजूने फार थोडे होते. शाळेला मागच्या ओढ्याचं नाव मिळालं.

फिल्म मात्र तशीच राहिली. वसंतात तिला बक्षीस मिळालं, देशभरच्या शाळांनी टेप विकत घेतल्या. कुठल्या कुठल्या गावांतली मुलं आजही आत्याला लॅथमचे आभार मानताना पाहत असतील. या विचाराने ती अजून पेटते, आणि तिचं काय चुकतं?

बर्फ वितळल्यावर एका दुपारी आल्दो दारात आला. टोपी हातात.

"चुकलो, एर्सिलिया."

"चुकलास? माझं लग्न झाल्यापासून माझ्या घरी जेवतोयस तू. माझे बाबा कसे गेले ते तुला ठाऊक. आणि विश्वास ठेवलास टीव्हीच्या खोक्यातल्या त्या अर्ध्या वाक्यावर! ती मेरिडिथ माझी कोण लागते? तिने फसवलं, ठीक. तू का नाही विचारलंस मला?"

आल्दो उभाच राहिला. शेवटी आत्या दारातून बाजूला झाली.

मी त्याला ताट वाढलं. तो जेवून उठेपर्यंत आत्या शेगडीकडे तोंड करून उभी होती. एकदाही वळली नाही.